घरगुती तीनरंगी लेझर प्रोजेक्टर: किती वॉटचा घेऊ?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. सांगलीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. इलेक्ट्रॉनिक्स रीतसर शिकलेलो नाही, पण सोल्डरिंग जमतं, सर्किट वाचता येतं. मागे कॉम्प्युटरच्या दोन जुन्या पंख्यांवर आरशाचे तुकडे किंचित तिरके चिकटवले आणि एकावरून दुसऱ्यावर लाल पॉइंटर मारला. पंख्यांचा वेग कमी-जास्त केला की भिंतीवर फुलं उमलतात, चक्रं फिरतात. घरातली पोरं महिनाभर खूश होती. आता त्यांना हत्ती पाहिजे, मोर पाहिजे, स्वतःचं नाव पाहिजे. पंख्यांवर काही हत्ती येत नाही.

म्हणून आता नीट प्रोजेक्टर करायचाय. लाल, हिरवा, निळा तिन्ही. दुकानाच्या वरती हॉल आहे, भिंत पांढरी, अंतर साधारण चार मीटर. ऑनलाइन ३ वॉटचं तीनरंगी मॉड्यूल अर्ध्या वॉटच्या मॉड्यूलपेक्षा फार महाग दिसत नाही, मग मोठंच का घेऊ नये? किरण वळवायला आरसा हलवणारे गॅल्व्हो २० के, ३० के, ४० के असे येतात, त्यात फरक काय? आणि गॅल्व्हो म्हणजे शेवटी मॅग्नेट आणि कॉइलच ना? गुंडाळणं हा तर माझा धंदाच, मग मीच केला तर? कॉम्प्युटरमधून सिग्नल कसा काढायचा तेही कुणी सांगा. भाचा म्हणतोय गणपतीत मंडळाला भाड्याने देऊ, त्यामुळे वॉटचा आग्रह त्याचा जास्त आहे.

फुकट_सल्ला

तयार मिळतो की राव. लाइटवाल्यांकडे जुने पडलेले असतात. एवढी डोकेफोड कशाला?

जुना_ऑसिलोस्कोप (पुणे)

तयार मिळतं म्हणून करायचंच नाही असं ठरवलं तर छंद या शब्दालाच कुलूप लावावं लागेल. कृष्णाकाठ, तुम्ही करा.

तुम्ही पंख्यांवर जे केलंत ते सोपं समजू नका. लिसाजू नावाच्या फ्रेंच माणसाने १८५७ च्या सुमाराला ट्यूनिंग फोर्कवर आरसे लावून, एकावरून दुसऱ्यावर प्रकाश टाकून अशाच आकृत्या दाखवल्या होत्या. लेझर यायला आणखी शंभर वर्षं होती. पुढे १९७३ च्या नोव्हेंबरात लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेत 'लेझेरियम' हा लेझरचा खेळ सुरू झाला. तिथे एकाच क्रिप्टॉन लेझरमधून प्रिझमने चार रंग वेगळे काढायचे. तुमच्यामाझ्या खिशाला परवडणारा तीनरंगी प्रोजेक्टर शक्य झाला तो निळा डायोड आल्यामुळे, आणि तो स्वस्त झाल्यामुळे. २०१० च्या आसपास कॅसिओच्या सभागृहात लावायच्या एका प्रोजेक्टरमध्ये ४४५ नॅनोमीटरचे २४ निळे डायोड असायचे. जगभरच्या हौशी लोकांनी ते प्रोजेक्टर विकत घेऊन फक्त डायोडसाठी फोडले. असो, विषयावर येतो.

वॉटचं आधी. अंधाऱ्या हॉलमध्ये चार मीटरवर तिन्ही रंग मिळून ३०० मिलिवॅट झाले तरी चित्र झगझगीत दिसेल. जाहिरातीतले ३ वॉट हा आकडा तुम्हाला फारसं काही सांगत नाही, कारण डोळा वॉट मोजत नाही. डोळ्याची सर्वांत जास्त दाद ५५५ नॅनोमीटरच्या पोपटी उजेडाला. तिला १०० धरा. मग ५२० च्या हिरव्या डायोडला ७१ मिळतात, ६३८ च्या लालला १९ च्या आसपास, ६५० च्या लालला ११ आणि ४५० च्या निळ्याला जेमतेम ४. म्हणजे डीव्हीडी रायटरमधून काढलेल्या ६५० च्या लालपेक्षा ६३८ चा लाल तेवढ्याच मिलिवॅटला जवळजवळ दुप्पट उजळ दिसतो. लालवर पैसे खर्च करा म्हणतात ते यासाठी.

आता पांढरा. निळा एवढा फिका दिसतो तर तो ढीगभर लागेल असं वाटतं, पण तसं नाही. पांढऱ्यात निळ्याचा उजेड अगदी थोडा पुरतो. ६३८, ५२० आणि ४५० हे तीन धरून गणित केलं तर हिरवा १०० मिलिवॅट असताना लाल १५० च्या जवळ आणि निळा ६० च्या आत बसतो. स्वस्तातल्या ३ वॉटमध्ये बहुतेक वेळा नेमका निळाच ठासून भरलेला असतो, कारण दर वॉटमागे तोच सर्वांत स्वस्त पडतो. तो निळा तुम्हाला खाली ओढूनच वापरावा लागणार. मग घ्यायचा कशाला? आणखी एक बघा: मॉड्यूलवर मॉड्युलेशन, म्हणजे उजेड कमी-जास्त करायची पद्धत, 'टीटीएल' लिहिलीय की 'अॅनालॉग'. टीटीएल म्हणजे नुसतं चालू-बंद, त्यात एकूण सात रंग. केशरी, अबोली, मोरपंखी हवे असतील तर अॅनालॉगच.

गॅल्व्हो. गुंडाळू का म्हणून विचारलंत, प्रश्न आवडला. कॉइल तुम्ही कारखान्यापेक्षा चांगली गुंडाळाल याबद्दल मला शंका नाही. पण गॅल्व्होची किंमत कॉइलमध्ये नसते. शाफ्टच्या मागच्या टोकाला एक सेन्सर असतो, आरसा आत्ता नेमका किती वळलाय ते तो सतत सांगतो, आणि ड्रायव्हर बोर्ड ते वाचून दर क्षणाला करंट सुधारत राहतो. तो सेन्सर, बेअरिंगमधला शून्य खेळ आणि एखाद्या ग्रॅमच्याही आतला आरसा, हे घरी जमवायला गेलात तर प्रोजेक्टर राहील बाजूला. ते विकत घ्या. सगळ्या खर्चात मी हात सैल सोडेन तो इथे.

२० के म्हणजे सेकंदाला २०,००० बिंदू. पण हा आकडा ८ अंशांच्या कोनाला असतो, हे विक्रेता सांगत नाही. ८ अंशांत तुमच्या भिंतीवर चित्र होईल ५६ सेंटिमीटरचं. दीड मीटरच्या जवळ जायचं तर २० अंश उघडावे लागतात आणि तिथे तोच गॅल्व्हो २० के झेपवत नाही, वेग उतरवावा लागतो. तपासायला इल्डाचं टेस्ट पॅटर्न आहे. इल्डा म्हणजे लेझर शोवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना. त्या चित्रात एक वर्तुळ आणि एक चौकोन असतो. फाइलमध्ये वर्तुळ मुद्दाम चौकोनाबाहेर काढलेलं असतं. गॅल्व्हो योग्य वेगाला, नीट ट्यून केलेला असेल तर आरशाला तेवढं लांब जायला वेळ मिळत नाही आणि वर्तुळ बरोब्बर चौकोनाच्या आत, चारही बाजूंना टेकून बसतं. हे चित्र समोर नसताना ड्रायव्हर बोर्डावरच्या प्रीसेटना हात लावू नये. ४० के लिहिलेल्या स्वस्त संचांना हेच पॅटर्न दाखवा, खरं काय ते लगेच कळतं.

सिग्नल. उद्योगात डीबी-२५ कनेक्टर ठरलेला आहे. पिन १ वर एक्स, २ वर वाय, ५, ६, ७ वर लाल, हिरवा, निळा. एक्स आणि वाय डिफरन्शिअल असतात, त्यांची उलटी बाजू १४ आणि १५ वर, प्रत्येक तार अधिक-उणे ५ व्होल्टमध्ये खेळते. ४ आणि १७ या इंटरलॉकच्या पिना, म्हणजे त्यांची जोड तुटली की लेझर बंद; त्यांच्याबद्दल पुढे बोलू. कॉम्प्युटरच्या बाजूला तीन वाटा आहेत. साउंडकार्ड सर्वांत स्वस्त, पण त्याच्या आउटपुटला डीसी अडवणारा कपॅसिटर असतो, त्यामुळे चित्र सारखं मध्याकडे ओढलं जातं. तो कपॅसिटर बायपास करावा लागतो. दुसरी वाट, हेलिओस नावाचं छोटं यूएसबी डॅक (आकड्यांचं व्होल्टेज करणारं), १२ बिटचं आणि डिझाइन खुलं आहे. तिसरी तुम्हाला मजा येईल अशी: ईएसपी३२ हा मायक्रोकंट्रोलर, त्याला एमसीपी४९२२ ही डॅक चिप आणि पुढे टीएल०८२ ऑप-अँप. ईएसपी३२ च्या पोटातलं डॅक ८ बिटचं आहे, म्हणजे एका बाजूला २५६ पायऱ्या. हत्तीच्या पाठीला दात दिसतील. म्हणून वेगळी चिप. हे सुटे भाग तापकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडला मिळतात, सांगलीला कुरिअरही करतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: आधी रंग नकोतच. गॅल्व्हो आले की समोर तुमचा तोच जुना लाल पॉइंटर लावा. चौकोन, वर्तुळ, हत्ती, सगळं त्याच्यावर जमवा. हत्तीच्या रेषा थरथरत असतील तर त्या ३ वॉटमध्येही थरथरतील, फक्त जास्त उजेडात.

कृष्णाकाठ (सांगली)

काका, एवढं लिहिलंत, मनापासून आभार. प्रिंट काढून दुकानात लावलंय. तीन किरण एकात एक कसे घालायचे ते राहिलं. आणि भाच्याला काय सांगू?

चष्मेवाली (नाशिक)

भाच्याला मी सांगते. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. २०२३ च्या विसर्जनानंतर आमच्या नाशकात मिरवणुकीतल्या लेझरमुळे डोळ्याच्या पडद्याला इजा झालेले तरुण डॉक्टरांकडे आले होते, पेपरमध्येही आलं होतं. पुढच्या वर्षी काही शहरांत पोलिसांनी मिरवणुकीत लेझरवर बंदी घातली. पडद्याला वेदनेच्या नसा नसतात. भाजलं तरी दुखत नाही. दुसऱ्या दिवशी अक्षर वाचताना मधलं अक्षरच दिसत नाही, तेव्हा समजतं.

आकडा लक्षात ठेवा: दिसणाऱ्या लेझरमध्ये १ मिलिवॅटपर्यंत आपली पापणी मिटण्याची सवय, म्हणजे पाव सेकंद, डोळ्याला वाचवते. तुमचे ३०० मिलिवॅट त्याच्या तीनशेपट आहेत. वर्गवारीत ५ ते ५०० मिलिवॅट म्हणजे वर्ग ३बी, त्यापुढे वर्ग ४. ३ वॉट ही तर सरळ सरळ वर्ग ४ ची गोष्ट, तिथे चुन्याच्या भिंतीवरचा ठिपका जवळून पाहणंही धोक्याचं ठरू शकतं. माणसांच्या अंगावर कुठलाच किरण जाता कामा नये. भिंतीवर, डोक्यांच्या वरून, बस्स.

चष्म्याबद्दल एक गैरसमज फार आहे. नारिंगी काचेचा 'लेझर गॉगल' निळा आणि हिरवा अडवतो, लाल जवळजवळ तसाच आत सोडतो. कुठल्या नॅनोमीटरला किती ओडी, म्हणजे काच उजेड किती अडवते, ते काचेवर छापलेलं असलं पाहिजे. ओडी ४ म्हणजे दहा हजारांतला एक भाग आत. नुसता रंगीत गॉगल असेल तर तो घालूच नका, त्याने उगाच धीर येतो. तिन्ही रंग अडवणारा चष्मा घातला तर समोरचा ठिपकाही दिसत नाही, म्हणून जुळवाजुळव नेहमी सर्वांत कमी करंटला करा, पूर्ण ताकद नंतर, झाकण लावून. हॉलमधलं स्टीलचं कपाट, टाइल्स, ऑइलपेंट आणि हातातलं घड्याळ, अंगठी हेही आरसेच आहेत.

५३२ चं हिरवं मॉड्यूल स्वस्तात मिळालं तर विचारा की इन्फ्रारेड फिल्टर आहे का. त्यात आत ८०८ चा डायोड आणि १०६४ चा किरण असतो, दोन्ही डोळ्याला न दिसणारे. फिल्टर नसेल तर तेही बाहेर पडतात. ५२० चा थेट डायोड त्या कटकटीतून सुटलेला आहे.

जुना_ऑसिलोस्कोप (पुणे)

ताईंच्या म्हणण्यात एकच भर. गॅल्व्हो बंद पडला किंवा वायर सुटली की पळणारा किरण एका ठिपक्यात उभा राहतो आणि सगळे मिलिवॅट तिथे ओततो. म्हणून एक्स-वाय हलत नाहीत असं दिसलं की लेझर तोडणारं छोटं सर्किट हवं, दोन कंपॅरेटर आणि एक रिले एवढ्यात होतं. इंटरलॉकच्या पिना मधून खटक्याचं बटण आणि झाकणाचा स्विच मालिकेत घ्या. किल्लीचा स्विचही लावा, पोरं आहेत घरात.

आता किरण एकत्र करणं. डायक्रोइक आरसे लागतात, ४५ अंशात उभे. असा आरसा एक रंग परावर्तित करतो आणि दुसरा आरपार जाऊ देतो. मी हिरवा-निळा आधी जुळवतो आणि लाल शेवटी, गॅल्व्होच्या जवळ घेतो. कारण लाल डायोडचा किरण सर्वांत जाड आणि एका बाजूला जास्त पसरणारा. त्याला वाट जितकी कमी तितकं बरं. गॅल्व्होचा आरसा जेमतेम बोटाच्या नखाएवढा असतो, किरण बाहेर सांडला की त्याची धूसर झालर भिंतीवर दिसते. बाकी आरसे पुढच्या पृष्ठभागावर मुलामा दिलेलेच घ्या. घरातल्या आरशात काच पुढे आणि मुलामा मागे, त्यामुळे प्रत्येक रेषेला फिकी जुळी रेषा येते.

जुळवताना दोन ठिकाणी बघायचं, आरशापाशी आणि लांबच्या भिंतीवर. जवळ चुकत असेल तर डायोड सरकवा, दूर चुकत असेल तर आरसा वळवा. पुन्हा जवळ, पुन्हा दूर. घाई केली तर रात्र जाते. लाकडावर बसवू नका. सांगलीच्या पावसाळ्यात फळी फुगते आणि सकाळी तिन्ही रंग तीन दिशांना. दहा मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा पत्रा घ्या. लाल डायोड त्यालाच घट्ट टेकवा, तापला की त्याचा उजेड सर्वांत आधी पडतो.

गुंडाळायची हौस मात्र भागवा, सप्लायमध्ये. गॅल्व्होच्या बोर्डावर अधिक-उणे १५ व्होल्ट लिहिलं असेल तर एका कोअरवर दोन पूर्ण वेगळ्या सेकंडरी गुंडाळा, प्रत्येकी १८ व्होल्ट, ३ अँपिअर. प्रत्येकीला स्वतःचा ब्रिज, स्वतःचे कपॅसिटर, स्वतःचा एलएम३३८ रेग्युलेटर, मोठ्या हीटसिंकवर. मग एकाचा धन दुसऱ्याच्या ऋणाला जोडा, तो तुमचा शून्य. उण्या बाजूचा वेगळा रेग्युलेटर शोधत बसायला नको.

कृष्णाकाठ (सांगली)

ट्रान्सफॉर्मर आजच काढतो करायला. भाच्याने ताईंचा मजकूर वाचला आणि गप्प बसला, म्हणजे पटलं. त्याचा आता नवा हट्ट, घरच्या गणपतीपाशी भिंतीवर 'गणपती बाप्पा मोरया' आलं पाहिजे. एका सॉफ्टवेअरमध्ये मराठी फॉन्ट टाकून सिम्युलेटरवर बघितलं तर अक्षरं लुकलुकतात आणि प्रत्येक अक्षराला शेपूट येतं.

जुना_ऑसिलोस्कोप (पुणे)

लुकलुकणं म्हणजे बिंदू संपले. हिशेब असा: २०,००० बिंदू सेकंदाला, डोळ्याला स्थिर वाटायला चित्र २५ वेळा पुन्हा काढायचं, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला ८०० बिंदू. हा तुमचा पगार. नेहमीचा फॉन्ट अक्षराची बाहेरची कड काढतो, म्हणजे प्रत्येक रेघ दोनदा, आणि पगार झपाट्याने उडतो. एका रेघेचं अक्षर हवं, पाटीवर पेन्सिलीने गिरवल्यासारखं. तसा देवनागरी फॉन्ट शोधत बसण्यापेक्षा तुमच्या नऊ अक्षरांचे बिंदू आलेखाच्या कागदावर स्वतः मांडा. नऊच तर आहेत.

युक्ती शिरोरेघेत आहे. डावीकडून उजवीकडे फक्त अक्षरांची अंगं काढत जा, डोक्यावरची रेघ सोडून द्या. शेवटच्या 'या'च्या कान्यावर वरच्या टोकाला पोचलात की परत येताना तीनही शब्दांच्या शिरोरेघा उजवीकडून डावीकडे ओढत या. नाहीतरी आरशाला सुरुवातीला परत यायचंच असतं, लेझर विझवून रिकामं यायचं ते उजेड घेऊन येईल. इंग्रजी अक्षरांना ही सोय नाही. ग आणि ण यांचा काना सुटा आहे, तिथे विझवून उडी मारावीच लागते. अशा प्रत्येक उडीला सातआठ बिंदू द्या, आणि जिथे टोकदार कोपरा आहे तिथे तीनचार बिंदू एकाच जागी. आरशाला वजन आहे, तो लगेच थांबत नाही. वेलांटी आणि मात्रा शिरोरेघेच्या परतीच्या वाटेवर घ्या. अक्षरामागे ४० बिंदू धरले तरी सगळं मिळून ८०० च्या आत बसतं.

शेपटाचं कारण वेगळं. लेझर सांगितल्याबरोबर पेटतो, आरसा मात्र थोडा मागे असतो. म्हणून रंगाचा डेटा काही बिंदू उशिरा सोडायचा. सॉफ्टवेअरमध्ये 'कलर शिफ्ट' असं काहीतरी असेल. एकेक बिंदू वाढवत जा, शेपूट आखडत आखडत नाहीसं होतं. त्याच्या पुढे गेलात तर दुसऱ्या टोकाला फुटतं. सिम्युलेटरवर आलेला आकडा खऱ्या गॅल्व्होवर पुन्हा जुळवावा लागेल.

फुकट_सल्ला

काका, मी सहज म्हणालो होतो, आता मलाच करावासा वाटायला लागलाय. कृष्णाकाठ, हत्ती आला की व्हिडिओ टाका.

चष्मेवाली (नाशिक)

व्हिडिओ भिंतीचा काढा. मोबाइल प्रोजेक्टरच्या तोंडाकडे धरलात तर कॅमेऱ्याचा सेन्सर जळतो, आणि मागे स्क्रीनकडे बघणारा माणूसही त्याच रेषेत उभा असतो.

कृष्णाकाठ (सांगली)

भिंतीचाच काढतो ताई. काका, कोअर दुकानात पडलेला आहे, पण दोन सेकंडरींच्या मध्ये कागद किती थरांचा घालू?

जुना_ऑसिलोस्कोप (पुणे)

ते तुम्ही मला सांगायचं.